समीक्षकाची रिकामी खुर्ची

मराठी समीक्षेचा एक लाडका शब्द आहे : गारूड. अमुक कादंबरीने एका पिढीवर गारूड केले, तमुक कवीच्या शब्दकळेचे गारूड अजून ओसरले नाही, अशी वाक्ये समीक्षाग्रंथांत, प्रस्तावनांत आणि गौरवलेखांत सर्रास आढळतात. शब्द अर्थातच गारुड्याकडून उसना घेतलेला आहे. मुळात सर्पविष उतरवण्याच्या विद्येचे हे नाव. पुढे ते खेळ दाखवणाऱ्याला लागले आणि तेथून समीक्षकाच्या लेखणीत आले. परंतु ज्याच्या पोतडीतून तो उचलला, त्या माणसाकडे मान वळवून पाहण्याची तसदी या समीक्षेने क्वचितच घेतली. संगीत नाटक, तमाशा, दशावतार, कीर्तन, पोवाडा, पथनाट्य यांना मराठी रंगविचारात आज मानाचे स्थान आहे आणि ते मिळवून देण्यासाठी अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या आहेत. जादूच्या प्रयोगाच्या वाट्याला मात्र वृत्तपत्रातील छोटी जाहिरात आणि उन्हाळी सुटीतल्या बालपुरवणीतील एखादी चौकट, याहून फारसे काही आले नाही. हे दुर्लक्ष केवळ अनवधानाने झालेले नाही. कला म्हणजे काय, याविषयीची एक ठाम पण कधीच न तपासलेली समजूत त्यामागे उभी आहे.

ही समजूत तपासायची तर कोठून सुरुवात करावी? महानगरातील झगमगीत प्रयोगापासून नव्हे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी नगरपरिषदेच्या नाट्यगृहात चार-पाच स्थानिक जादूगार एकत्र येऊन जो प्रयोग करतात, तेथून करावी. अशा प्रयोगाचे रूप साधारणपणे ठरलेले असते. पडदा वर जाण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून कर्कश संगीत चालू असते. पुढच्या रांगा मुलांनी भरलेल्या असतात. मागे आईबाप, आणि सर्वांत मागे उभे राहून पाहणारे, ‘आपण फसणार नाही’ असा चेहरा केलेले तरुण. एक जादूगार दिवसा प्राथमिक शाळेत शिकवतो, दुसऱ्याची घड्याळदुरुस्तीची टपरी आहे, तिसरा एसटीच्या आगारात नोकरीला आहे. रुमालातून रुमाल निघतात, कापलेली दोरी सांधली जाते. सुरुवातीला रिकामा करून उलटा ठेवलेला लोटा दर दहा मिनिटांनी उचलला जातो आणि प्रत्येक वेळी त्यातून पाण्याची धार लागते. मध्येच प्रेक्षकांतील कोणाची तरी शंभराची नोट मागून घेतली जाते, तिचा क्रमांक मोठ्याने वाचून फळ्यावर लिहिला जातो, नोट नाहीशी होते आणि शेवटी कोणीतरी चिरलेल्या लिंबातून ओलसर होऊन बाहेर येते. नोटेचा मालक क्रमांक पुन्हा वाचतो. त्या क्षणी नाट्यगृहात जो एक सामुदायिक श्वास ओढला जातो, तो कानांनी ऐकू येतो.

या श्वासाचा विचार रंगविचाराने केला पाहिजे. गावोगाव फिरणारा, राजेशाही पोशाखातला परका जादूगार जेव्हा हे करतो, तेव्हा प्रेक्षकांच्या मनात कोठेतरी शंकेला जागा राहते की, याच्याजवळ काही सिद्धी असेलही. परकेपणाचा तेवढा लाभ त्याला मिळतो. स्थानिक जादूगाराला तो लाभ नाही. उद्या सकाळी त्याच्याच टपरीवर घड्याळ न्यायचे आहे. त्याच्या मुलीच्या लग्नासाठी त्याने पतपेढीतून घेतलेले कर्ज सर्वांना ठाऊक आहे. ज्याला हवेतून नोटा काढता येतात, तो पतपेढीच्या दारात उभा राहत नाही, हेही ठाऊक आहे. म्हणजे चमत्काराची शक्यता येथे पूर्णपणे संपलेली असते. तरीही श्वास ओढला जातो. श्रद्धेचा आधार काढून घेतल्यावर, परकेपणाचे वलय काढून घेतल्यावर, जे उरते आणि तरीही भारून टाकते, ते निव्वळ कौशल्याचे आणि रचनेचे सामर्थ्य असते. त्याला कला म्हणायचे नसेल, तर कशाला म्हणायचे, हे समीक्षकाने सांगितले पाहिजे.

समीक्षकाचा पहिला आक्षेप असा असतो की, जादूत केवळ युक्ती असते, अर्थ नसतो. युक्ती कळली की खेळ संपतो, आणि जे कळल्यावर संपते ते कलाकृती नव्हे. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण प्रत्यक्ष प्रयोगाशी तो जुळत नाही. कारागीर जादूगार दुसऱ्या जादूगाराचा प्रयोग पाहायला जातात आणि युक्ती तंतोतंत ठाऊक असूनही मोहरून जातात. तेच लिंबू, तीच नोट. एकाच्या हाती ती करमणूक होते आणि दुसऱ्याच्या हाती ओढाताण. फरक पडतो तो विरामाने, नजरेने, बोलण्याच्या लयीने, चूक झाल्याचा आव नेमका कधी आणायचा याच्या जाणिवेने. अभिनयाच्या समीक्षेत याच गोष्टींचे विवरण करण्यासाठी पाने खर्ची पडतात. शोकांतिकेचा शेवट प्रेक्षकाला आधीपासून माहीत असतो, म्हणून कोणी तिला नाट्यगृहाबाहेर काढत नाही. मग जादूच्या बाबतीतच रहस्य कळणे म्हणजे रस संपणे, असे का मानावे? रहस्य हा या कलेचा सांगाडा आहे. सांगाडा दिसत नाही म्हणून देह खोटा ठरत नाही.

अर्थ नसतो, हे म्हणणेही घाईचे आहे. फाडलेली वस्तू पुन्हा सलग होणे, हरवलेली वस्तू अनपेक्षित जागी सापडणे, रिकामे भांडे पुन्हा भरणे, बांधलेला माणूस मोकळा होणे : लोककथा आणि पुराणकथा ज्या थोड्या आदिम इच्छांभोवती फिरतात, त्याच येथे दहा मिनिटांत, डोळ्यांदेखत, एका फुटक्या टेबलावर मांडल्या जातात. दर वर्षी टँकरची वाट पाहणाऱ्या गावात न संपणाऱ्या लोट्याचा खेळ पाहिला जातो, तेव्हा प्रेक्षकांच्या हशात आणखी काय मिसळलेले असते, हे ऐकायला समीक्षक तेथे हजर असावा लागतो. तो हजर नसतो, आणि ‘अर्थ नाही’ असा निकाल मात्र देतो.

दुसरा आक्षेप परंपरेचा. ही बाजारू करमणूक आहे, अभिजात कलाविचारात तिला स्थान नाही, असे सांगितले जाते. हे सांगणाऱ्याने आपली परंपरा उघडून पाहिलेली नसते. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत गायन, वादन, नृत्य यांच्याबरोबर ‘ऐंद्रजाल’ आणि ‘हस्तलाघव’ अशा दोन वेगवेगळ्या कला नोंदवलेल्या आहेत. आज ज्याला हातचलाखी म्हणून नाक मुरडले जाते, त्याचेच हे संस्कृत नाव आहे. हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेत चौथ्या अंकात ऐंद्रजालिक येतो, राजाला आकाशात देवदेवता दाखवतो, आणि पुढे अंतःपुरात जी आग लागल्याचा भास होतो तीही त्याचीच करामत असते. त्या खोट्या आगीमुळेच बंदीत असलेली नायिका राजासमोर येते आणि कथानकाची गाठ सुटते. म्हणजे एका अभिजात नाटककाराने कथेचा निर्णायक सांधा जादूगाराच्या हवाली केला होता. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात ईश्वर आणि जीव यांचा भेद समजावताना दृष्टान्त घेतला तो ढाल-तलवार घेऊन सुताच्या आधाराने आकाशात चढणाऱ्या मायावी पुरुषाचा. खरा मायावी मात्र त्या वेळी जमिनीवरच उभा असतो, असे ते सांगतात. अद्वैताच्या सर्वांत सूक्ष्म मुद्द्याला ज्या खेळाचा आधार पुरला, तो खेळ आजच्या समीक्षकाला विचार करण्याच्या योग्यतेचा वाटत नाही. संतसाहित्याची कथाही वेगळी नाही. एकनाथांनी भारुडांसाठी रस्त्यावरची जी माणसे उचलली, त्यांत गारुडीही होता. नाथांना तो परमार्थ सांगण्यासाठी चालला. भारुडांवर प्रबंध लिहिणाऱ्यांना तो केवळ रूपक म्हणून चालतो, माणूस म्हणून नाही.

आधुनिक काळातील दुवा तर मराठी वाचकाच्या अंगणातला आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून घेतले जाते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, ही तारीख शाळकरी मुलालाही पाठ असते. त्याच फाळक्यांनी जादूची विद्या रीतसर आत्मसात केली होती आणि आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत, ही गोष्ट मात्र चरित्रात गमतीची तळटीप म्हणून येते. ती तळटीप नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये किंवा १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये जे दिसते, ते जादूगाराच्या नजरेनेच रचलेले आहे : प्रेक्षकाचे लक्ष कोठे आहे हे ओळखणे, ते हवे तेथे वळवणे, आणि अशक्य ते सहज घडल्यासारखे दाखवणे. भारतीय चित्रपटाच्या मुळाशी नाटक, चित्रकला आणि मुद्रणकला आहेत, असे सांगितले जाते. चौथे मूळ रंगमंचीय जादूचे आहे, हे उच्चारताना अभ्यासकांची जीभ अडखळते.

इंग्रजी साहित्याचा अभ्यास केलेल्या समीक्षकाला देशी परंपरा पुरेशी वाटत नसेल, तर त्याने हॅझलिटकडे जावे. १८२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेबल-टॉक’ या संग्रहात विल्यम हॅझलिटचा भारतीय बाजीगरांवरील निबंध आहे. एकाच वेळी चार पितळी गोळे हवेत खेळवणाऱ्या बाजीगराला पाहून त्या थोर समीक्षकाने स्वतःच्या लेखनाकडे वळून पाहिले आणि आपल्याला इतके निर्दोष असे काय करता येते, हा प्रश्न स्वतःलाच विचारला. पुढे तो कौशल्य आणि प्रतिभा यांत भेद करतोच, आणि प्रतिभेची पायरी वर ठेवतो. पण तो आधी प्रयोग पाहतो, लाजतो, आणि मग भेद करतो. मराठी समीक्षेने भेद तेवढा घेतला. पाहणे आणि लाजणे वगळले.

न पाहता लिहिण्याचे परिणाम काय होतात, याचे ठळक उदाहरण जादूच्याच इतिहासात आहे. ‘भारतीय दोरीचा खेळ’ जगभर गाजला : दोरी आकाशात उभी राहते, मुलगा चढून अदृश्य होतो. ८ ऑगस्ट १८९० रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’ने दोन अमेरिकन तरुणांनी भारतात हा खेळ पाहिल्याची आणि छायाचित्रात दोरीही नव्हती, मुलगाही नव्हता, अशी कथा छापली. सुमारे चार महिन्यांनी त्याच पत्राने ती कल्पित असल्याची कबुली दिली. कबुली कोणी वाचली नाही. कथा मात्र देशोदेशी पोहोचली आणि असंख्य माणसांना आपण हा खेळ पूर्वी कधीतरी पाहिला होता, असे आठवू लागले. १९३४ साली लंडनच्या मॅजिक सर्कल या संस्थेने हा खेळ उघड्या मैदानात करून दाखवणाऱ्याला पाचशे गिनींचे बक्षीस लावले. ते कोणालाही द्यावे लागले नाही. शंकराचार्यांनी दृष्टान्त म्हणून वापरलेली प्रतिमा वार्ताहराच्या हाती पडून घटना झाली. या साऱ्या काळात हिंदुस्थानच्या रस्त्यांवर खरेखुरे जादूगार उन्हात बसून तीन लाकडी वाट्या आणि चार कापडी गोळ्या यांवर, किंवा आंब्याच्या कोयीतून रोप उगवण्यावर, जो सूक्ष्म खेळ करीत होते, त्याची बारकाईने नोंद करण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. न घडलेल्या खेळावर ग्रंथ झाले. घडत असलेल्या खेळाच्या वाट्याला उपेक्षा आली. ऐकीव माहितीवर सिद्धान्त उभारणाऱ्या कोणत्याही समीक्षेने हा धडा जपून ठेवण्यासारखा आहे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो सन्मानाने तपासला पाहिजे, कारण तो आळसातून आलेला नाही. ज्या समाजात भोंदू बाबा हातातून अंगारा काढून माणसे नागवतात, त्या समाजात जादूच्या प्रयोगाचे कौतुक करणे म्हणजे चमत्काराच्या मानसिकतेला खतपाणी घालणे, असे काही विवेकवादी मानतात. महाराष्ट्रात या प्रश्नाला रक्ताची किंमत चुकवावी लागली आहे. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी ज्याला लोक ‘जादूटोणाविरोधी कायदा’ म्हणतात तो अस्तित्वात आला. या पार्श्वभूमीवर ‘जादू’ हा शब्द जपून वापरला पाहिजे, हे खरेच आहे.

परंतु येथेच भेद करण्याची गरज सर्वाधिक आहे. बाबा आणि जादूगार एकच कृती करतात. त्यांचा प्रेक्षकाशी असलेला करार मात्र परस्परविरोधी असतो. जादूगार तिकीट लावतो, पडदा लावतो, आणि ‘मी आता तुम्हांला फसवणार आहे, पकडता आले तर पकडा’ असे सांगून फसवतो. बाबा सत्य सांगतो आहे असे भासवून फसवतो. जादूगार फसवणुकीचा अवधी संपल्यावर प्रेक्षकाला त्याची बुद्धी परत करतो, बाबा ती ठेवून घेतो. किंबहुना डोळ्यांनी पाहिलेलेही खोटे असू शकते, हा विवेकाचा पहिला पाठ मुलांना हसतखेळत देणारे जादूच्या प्रयोगासारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. लिंबातून नोट निघालेली ज्या मुलाने सातव्या वर्षी पाहिली आणि ‘काका, हे केले कसे?’ असा प्रश्न घेऊन जो घरी गेला, तो पुढे अंगारा पाहूनही हाच प्रश्न विचारण्याची शक्यता आहे. चळवळीतील कार्यकर्त्यांनी हे फार पूर्वी ओळखले. केरळमधून देशभर फिरणारे बी. प्रेमानंद काय किंवा महाराष्ट्रातील गावोगावचे कार्यकर्ते काय, त्यांनी जिभेवर कापूर जाळला, मंत्राविना होम पेटवला, आणि तुपाच्या नावाखाली ग्लिसरीन आणि कुंडात पोटॅशियम परमँगनेट असल्याचे उघड केले. जादूगाराची विद्याच त्यांच्या कामी आली.

मग स्थानिक जादूगारांची एक तक्रार उरते : या भांडाफोडीत आमच्या पोटावर पाय येतो. तक्रारीत तथ्य आहे, आणि तिची सोडवणूक सोपी नाही. ज्या युक्तीवर बाबाचे दुकान चालते आणि माणसांचे नुकसान होते, ती युक्ती उघड करणे हे सार्वजनिक हिताचे काम आहे; तेथे जादूगाराने हरकत घेऊ नये. पण जी युक्ती कोणाचेही दुकान चालवत नाही, केवळ एका माणसाच्या अर्ध्या तासाच्या खेळाला उभे करते, ती दूरदर्शन वाहिनीवर चवीने फोडून दाखवण्यात विवेकवाद कोठेच नाही. तेथे केवळ दुसऱ्याच्या श्रमावर मिळवलेली टाळी आहे. हा भेद न पाळणारा माणूस विवेकाची भाषा बोलत असला, तरी त्याने कष्टकऱ्याची मिळकत लुटलेली असते.

एवढे सांगितल्यावर जादूगारांची बाजू घेऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. समीक्षा हवी असेल तर दोष ऐकण्याची तयारीही हवी, आणि स्थानिक प्रयोगांत दोष पुष्कळ आहेत. पहिला दोष अनुकरणाचा. प्रतुलचंद्र सरकार यांनी महाराजाचा पोशाख आणि ‘इंद्रजाल’ हे नाव घेऊन जग पालथे घातले. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात त्यांनी करवतीने मुलीचे दोन भाग केले, तिला जागे करण्याचा प्रयत्न फसल्यासारखा चेहरा केला, आणि त्याच क्षणी निवेदकाने कार्यक्रम संपल्याचे जाहीर केले. घाबरलेल्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींनी यंत्रणा ठप्प झाली. विरामाचा असा उपयोग करणारा कलावंत मोठाच. परंतु पाश्चात्त्य प्रेक्षकाला हवा असलेला ‘पूर्वेचा महाराजा’ लंडनमध्ये उभा करणे ही सरकारांची चतुराई होती. तोच फेटा, तोच तुरा, तेच नकली हिरे लेवून घड्याळदुरुस्ती करणारा माणूस जेव्हा आपल्याच गावात, आपल्याच शेजाऱ्यांसमोर उभा राहतो, तेव्हा तो परक्यांच्या स्वप्नातला परका बनतो. त्याचे खरे बळ त्याच्या ओळखीत होते. ते तो स्वतःच्या हाताने टाकून देतो.

दुसरा दोष भाषेचा, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो अधिक खटकावा. मराठी गावात, मराठी प्रेक्षकांसमोर, मराठी जादूगार तोंड उघडतो आणि ‘साहेबान, मेहरबान, कदरदान’ सुरू करतो. मदाऱ्याच्या आणि जमुऱ्याच्या सवालजवाबाची ती हिंदुस्थानी परंपरा थोर आहे, पण उसनी घेतली की ती पोपटपंची होते. याउलट जो शाळामास्तर आपल्या वर्गातल्याच आवाजात, गावच्या बोलीत, गावच्याच पाणीयोजनेवर कोट्या करीत दोरी कापतो, त्याच्या खेळात प्रेक्षक चटकन ओढला जातो. जादूगाराचे बोलणे हे नुसते तोंडीलावणे नसते. ते लक्ष वळवते, वेळ काढते, शंका निर्माण करते आणि मोडते. सोंगाड्याच्या बतावणीइतकीच ही बतावणी महत्त्वाची आहे. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्या घराण्यात विजय आणि जितेंद्र यांच्यापर्यंत तीन पिढ्या ही विद्या चालत आली. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांत रंगमंचावरचे बोलणे कसकसे बदलत गेले, हा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय सहज होऊ शकतो. तमाशाच्या बतावणीची संहिता टिपून घेणारे अभ्यासक निपजले. जादूगाराच्या बतावणीची संहिता कोणत्या ग्रंथालयात शोधायची, असा प्रश्न त्या विद्यार्थ्याने विचारला, तर त्याला काय उत्तर देणार?

तिसरा दोष सर्वांत मोठा. पेटीत झोपणारी, तलवारींनी भोसकली जाणारी, करवतीने कापली जाणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्त्री असते. पी. टी. सेल्बिट यांनी १९२१ साली लंडनमध्ये स्त्रीला करवतीने कापण्याचा प्रयोग प्रथम जाहीरपणे केला, तेव्हापासून हे दृश्य जगभर प्रयोगाचा कळस मानले जात आले आहे. स्थानिक प्रयोगात ती बहुधा जादूगाराची पत्नी, बहीण किंवा मुलगी असते. शरीर आकसून घेण्याचे, श्वास रोखण्याचे, अंधारात नेमक्या क्षणी नेमकी हालचाल करण्याचे कौशल्य तिचे. हातवारे करून टाळ्या घेणारा तो. फलकावर तिचे नाव नसते. अनेक पेटीप्रयोगांत खरी जादू पेटीच्या आत घडते आणि श्रेय बाहेर वाटले जाते, हे जादूगारांनाही ठाऊक आहे. या अन्यायाकडे बोट दाखवणे हे समीक्षेचे काम होते. पण समीक्षक आलाच नाही, म्हणून तेही राहून गेले. दुर्लक्षामुळे कलेचे गुण जसे झाकले जातात, तसे तिचे दोषही सुरक्षित राहतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

आणि दुर्लक्षाची किंमत सारख्या प्रमाणात भरली जात नाही. नाट्यगृहातील जादूगाराला निदान तिकीट आहे. ज्या रस्त्यावरच्या खेळातून त्याची विद्या आली, त्या खेळाचे काय झाले? मुंबई राज्याने १९५९ साली केलेल्या भीक प्रतिबंधक अधिनियमाने भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे यांच्या मिषाने सार्वजनिक जागी दान घेणेही समाविष्ट केले. हा कायदा पुढे दिल्लीसही लागू झाला. वात्स्यायनाने ज्याला कला म्हटले, त्याची गणना कायद्याने भिकेच्या बहाण्यात केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती या कायद्याची अनेक कलमे घटनाबाह्य ठरवली. पण तोवर जवळजवळ साठ वर्षे गेली होती. त्याच दिल्लीत शादीपूरजवळची कठपुतळी कॉलनी, जेथे बाहुलीवाले, बाजीगर आणि जादूगार यांची कुटुंबे अनेक दशके राहत होती, ती पुनर्विकासासाठी २०१७ साली पाडली गेली. सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मधील जादूगारांच्या वस्तीवर परिसंवाद भरवणाऱ्या विद्यापीठांपैकी किती जणांनी खऱ्या वस्तीतला खेळ लिहून ठेवला? कादंबरीतील जादूगार अभ्यासक्रमात आला. हाडामांसाचा जादूगार पोलिसांच्या गाडीत बसला. साहित्याच्या अभ्यासाला ‘जादुई वास्तववाद’ हा शब्द प्रिय आहे. त्यातल्या जादूविषयी तो उदासीन आहे, आणि वास्तवाविषयीही.

यावर उपाय म्हणून पुरस्कार, अनुदाने, महोत्सव यांची मागणी करण्याची रीत आहे. त्या मागण्या रास्त असतील. पण त्यांच्या आधीची गोष्ट अधिक साधी आहे आणि तिला सरकारी मंजुरी लागत नाही. साहित्याच्या आणि नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या गावातला जादूचा प्रयोग तिकीट काढून पाहावा. रहस्य शोधू नये. ते शोधण्याच्या नादात बाकी सारे निसटते. जादूगार काय बोलतो, कोणत्या शब्दावर थांबतो, मूल रंगमंचावर आल्यावर त्याच्याशी कसे वागतो, प्रेक्षक कोठे हसतात आणि कोठे गप्प होतात, पेटीतल्या बाईचे नाव काय, हे लिहून ठेवावे. प्रयोगानंतर विंगेत जाऊन, त्याला हरकत नसेल तर, त्याची बतावणी ध्वनिमुद्रित करावी. युक्ती त्याच्यापाशी राहू द्यावी. पन्नास विद्यार्थ्यांनी पन्नास गावांत एवढे केले, तरी आज शून्यावर असलेल्या अभ्यासाला पाया मिळेल. मग हॅझलिटप्रमाणे कौशल्य आणि प्रतिभा यांत भेद करायला, आणि वाईट प्रयोगाला वाईट म्हणायला, समीक्षकाला अधिकार प्राप्त होईल.

तोपर्यंत त्याने एक पथ्य पाळावे. पुढच्या वेळी एखाद्या कादंबरीविषयी लिहिताना ‘गारूड’ हा शब्द लेखणीच्या टोकाशी आला, की क्षणभर थांबून स्वतःला विचारावे : हा शब्द ज्याचा आहे, त्याचा खेळ शेवटचा कधी पाहिला? उत्तर देता येत नसेल, तर शब्द खोडावा. नगरपरिषदेच्या नाट्यगृहात अजून प्रयोग लागतात, तिकीट महाग नसते, आणि तिसऱ्या रांगेतली खुर्ची बहुधा रिकामीच असते.